तोंगारेवा, अजून दोन तास

१

राजधानीचं बेट रारोटोंगा ते आमचं तोंगारेवा हे अंतर साडेतेराशे किलोमीटरच्या थोडं वर आहे. आमचं दोन पंख्यांचं छोटं विमान ते चार तासांत कापतं. वारा अंगावर आला तर थोडं जास्त, पाठीशी असला तर थोडं कमी, पण चार तास म्हणजे चार तास. सुरुवातीला आइतुताकी बेट दिसतं, आणि मग आमच्या बेटापर्यंत नुसतं पाणी. मध्ये एक खडकसुद्धा नाही.

मी तेकुरा. नवरा वारल्यापासून इथल्या धावपट्टीवरचा रेडिओ मी सांभाळते. काम फार नाही. दोन-तीन आठवड्यांनी एकदा विमान येतं. त्या दिवशी आभाळ बघायचं, वारा बघायचा, पायलटला कळवायचं, आणि पट्टीवरची डुकरं हाकलायची. इंधनाची पिंपं पापा सोलोमोना सांभाळतो; थोरल्या माणसांना इथे सगळेच पापा म्हणतात. सत्तरीला आला असेल, पण पिंप ढकलताना कुणाला हात लावू देत नाही.

त्या दिवशी सकाळीच मी ओरडले, "पापा, तुमची डुकरीण पट्टीच्या मधोमध झोपलीय!"

"माझी नाही ती," तो सावलीतून म्हणाला. "माझी डुकरं सकाळी चर्चला जातात."

"मग ही कुणाची?"

"तुझ्याकडेच बघतेय ती. ओळखीची असेल."

मी हसले. त्या दिवशी मला कशाचंही हसू येत होतं. माझी मोएरोआ येणार होती. पंधराव्या वर्षी शिकायला गेलेली पोर सात वर्षांनी नर्स होऊन घरी येत होती. मधल्या काळात ती मला दोनदाच भेटली होती. मी शिंपल्यांची माळ ओवून ठेवली होती, मासे नारळाच्या दुधात मुरत ठेवले होते, आणि पहाटेपासून तीन वेळा केस विंचरले होते.

नऊ वाजता रेडिओवर तामारुआचा आवाज आला. तामारुआ म्हणजे आमचा पायलट, माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ.

"वहिनी, निघालो. सहा माणसं, दोन टपालाच्या पिशव्या आणि तुझी पोरगी. तिला माणसांत धरलं नाही, सकाळपासून माझं डोकं खाल्लंय तिने."

मागून मोएरोआ ओरडली, "आई, काकाला सांग नीट चालवायला!"

"एक वाजता भेटू," तामारुआ म्हणाला. मी घड्याळ बघितलं आणि रेडिओचा आवाज कमी केला. अर्ध्या वाटेवर आला की तो पुन्हा बोलायचा. तोवर काम नव्हतं.

२

अकरा वाजता तो बोलला.

"वहिनी, बेट दिसतंय."

मला वाटलं थट्टा करतोय. "कुठलं बेट?"

"आपलं. दुसरं कुठलं? खाली उतरायला लागलोय. वारा कसा आहे?"

"तामारुआ, अकरा वाजलेत."

"माझ्याही घड्याळात अकराच आहेत. पाठीला जोराचा वारा असणार. मलाही नवल वाटतंय."

मी खिडकीतून वाऱ्याच्या पिशवीकडे बघितलं. ती धुतलेल्या मोज्यासारखी लोंबत होती. कसलाही वारा चार तासांचे दोन तास करत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"इंधन किती राहिलंय?" मी विचारलं.

"अर्धं."

"मग तू अर्ध्यातच आहेस. ते आपलं बेट नाही."

"वहिनी, माझा जन्म त्या बेटावरचा आहे." त्याचा आवाज शांत होता, जरा खूशसुद्धा. "लाल छपराचं चर्च दिसतंय. पांढरी पट्टी दिसतेय. आतलं हिरवं पाणी दिसतंय. आणि पट्टीवर तू उभी आहेस, हातात माळ घेऊन."

माळ माझ्यासमोर टेबलावर होती.

"मी पट्टीवर नाही," मी म्हणाले. "मी खोलीत आहे. तुझ्याशी बोलतेय ना?"

रेडिओवर नुसती घरघर आली. मग तो हळू म्हणाला, "हो की. मग ही कोण आहे?"

"उतरू नकोस. तामारुआ, ऐक माझं, वर घे. आत्ता वर घे!"

"चाकं काढलीत मी..."

तेवढ्यात मागून माझ्या मुलीचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "आई! ती बघा आई! हात हलवतेय!"

मग चाकं टेकली. तो आवाज मी ओळखते. आमची पट्टी प्रवाळाच्या चुऱ्याची आहे. चाकं टेकली की कुणी भरड मीठ पाट्यावर रगडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज रेडिओतून आला, लांबला आणि थांबला.

मी बाहेर धावले. पट्टी रिकामी होती. पांढरीफटक, तापलेली. दुसऱ्या टोकापर्यंत काहीही नव्हतं.

३

आत येऊन मी तामारुआला पुन्हा पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. मग रारोटोंगाला बोलावलं. तिथल्या ड्युटीवरच्या माणसाला मी कधी बघितलेलं नाही, फक्त आवाज माहीत आहे.

"विमान कुठे आहे?" मी विचारलं.

"आत्ताच त्याने कळवलं. अर्ध्या वाटेवर, ठरल्या उंचीवर. सगळं ठीक."

"आत्ता म्हणजे कधी?"

"अकराला. का, काय झालं?"

मी काय सांगणार होते? विमान कुठल्या तरी तोंगारेवावर उतरलंय, असं? "काही नाही," म्हणाले. "खरखर आहे इकडे."

माझा चेहरा बघून पापा सोलोमोना आत आला. मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण खुर्ची ओढून बसला आणि समजावायला लागला.

"पोरी, रात्री झोपली होतीस का?"

"नाही."

"हं. आणि रेडिओचं तुला मी सांगावं? लहरी कुठून कुठे उड्या मारतात. मागे एकदा आपल्याला तीन दिवस कुठल्या तरी मासेमारी बोटीवरचं भांडण ऐकू येत होतं. कुणी दुसरा पायलट असेल, दुसऱ्या बेटावर उतरत असेल."

"त्याने मला वहिनी म्हटलं, पापा."

"त्यालाही वहिनी असेल की."

आणि दुसरी मोएरोआ? तेही त्याला विचारलं असतं, पण विचारलं नाही. त्याने दिलेलं कारण मला हवं होतं. मी ते घट्ट धरून बसले. एक वाजेपर्यंत माझी नजर दक्षिणेच्या आभाळावरून हलली नाही.

४

एक वाजायला थोडं बाकी असताना ठिपका दिसला. मग पंख्यांचा आवाज. मग विमान उतरलं, चुऱ्यावर रगडत आलं आणि थांबलं. दार उघडलं, आणि पायऱ्या नीट लागायच्या आत मोएरोआने उडी मारली.

मी तिला किती वेळ धरून ठेवलं कोण जाणे. तिच्या केसांना साबणाचा वास होता, मानेला घाम होता. ती रडत रडत हसत होती.

"आई, सोड, बरगड्या मोडतील. मग मलाच माझी मलमपट्टी करावी लागेल."

लोकांनी माळा घातल्या. पट्टीच्या कडेला चटया अंथरल्या, मासे वाढले, नारळ फोडले. मला इतकं हलकं वाटत होतं की पाय जमिनीला लागत नव्हते. थोड्या वेळाने हवामान टिपून घ्यायला तामारुआ खोलीत आला, तेव्हा मी सहज म्हणून विचारलं, "अर्ध्यात मला हाक मारली होतीस का?"

"मारली की. अकराला. तू उत्तरच दिलं नाहीस. मग रारोटोंगाला कळवलं." त्याने मान खाजवली. "तेव्हा एका पांढऱ्या ढगात होतो. जाड होता. मागे सगळे झोपले होते, मोएरोआसुद्धा. मलाही एक क्षण डुलकी लागली की काय, कळलं नाही. बाहेर आलो तेव्हा सगळं ठीक होतं."

"बेट दिसलं नाही?"

"तिथे? तिथे कुठलं बेट, वहिनी?"

तेव्हाच रेडिओ बोलला.

"वहिनी, ऐकतेस का?"

तामारुआ माझ्यासमोर उभा होता. त्याचं तोंड बंद होतं. आवाज त्याचा होता.

५

त्याच्या हातातला कागद खाली पडला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. रेडिओकडेच बघत राहिलो.

"वहिनी, आम्ही उतरलोय, पण इथे काहीतरी बिघडलंय," तो आवाज सांगत होता. "ती बाई तिथेच उभी आहे. आम्ही तिच्याकडे चालत निघालो. खूप चाललो. ती जवळ येत नाही. जेवढी लांब होती तेवढीच आहे. चर्चही तेवढंच लांब. झाडंही. मागे वळून बघितलं तर विमान मात्र दोन पावलांवर. ती हात हलवतेय अजून. थांबतच नाही."

तामारुआने हात पुढे केला आणि बंद करायचं बटण धरलं.

"नको," मी म्हणाले.

"तो मी नाही," तो कुजबुजला. "मी इथे आहे. हात लावून बघ मला."

"मला माहीत आहे."

"मग उत्तर देऊ नकोस. कोण आहे ते, कशाला बोलावतंय, काही माहीत नाही आपल्याला."

बरोबर बोलत होता तो. मलाही तेच वाटत होतं. मग रेडिओवर दुसरा आवाज आला.

"आई? काकांना कळत नाहीये कुठल्या दिशेला जायचं. तू किती लांब आहेस, आई?"

बाहेर चटईवर मोएरोआ बसली होती. कुणाच्या तरी बाळाचे दात बघत होती. तिचं हसणं मला खिडकीतून ऐकू येत होतं, आणि तिचं रडणं रेडिओतून. दोन्ही आवाज तिचेच. सात वर्षं मी तो आवाज असाच तर ऐकत आले होते, यंत्रातून. चुकणं शक्य नव्हतं.

"ती मला आई म्हणतेय," मी म्हणाले.

"तुझी मुलगी बाहेर आहे, वहिनी."

"आणि ही कुणाची?"

घामाने तामारुआचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग त्याने बटणावरचा हात काढला, माइक उचलला, आणि आपल्याच आवाजाला उत्तर दिलं.

"इंधन किती आहे?"

पलीकडे घरघर. मग, "अर्धं. कोण बोलतंय?"

त्याने डोळे मिटले. "तोंगारेवा. ऐक. बाईकडे बघू नका. सगळ्यांना आत घे आणि उड. सरळ उत्तरेला ये, सूर्य डाव्या हाताला ठेव. दोन तास. तुला पुरेल तेवढं आहे. दोन तासांत आम्ही तुझ्या खाली असू."

"दोन तास," तो आवाज म्हणाला. "बरं. आभारी आहे, भाऊ."

तामारुआने माइक ठेवला, बाहेर गेला आणि भिंतीशी ओकला.

६

ते दोन तास मी मोएरोआजवळ बसून काढले. ती दवाखान्याबद्दल बोलत होती, औषधं कुठे ठेवायची, खिडक्यांना जाळ्या कशा लावायच्या. मी हं हं म्हणत होते. मनात एकच गोष्ट फिरत होती. ते आले तर? विमान उतरेल, दार उघडेल, आणि ती उडी मारून माझ्याकडे धावत येईल. मग मी कुणाला धरू? कुणाकडे पाठ करू?

आणि नाही आले तर? तोही विचार करवत नव्हता.

पापा सोलोमोनाला तामारुआने सांगितलं असावं. तो पट्टीच्या टोकाला एकटाच उभा होता, दक्षिणेकडे तोंड करून.

आधी आवाज आला. दोन पंख्यांचा, आमच्याच विमानाचा. चटयांवरच्या माणसांनी वर बघितलं. कुणीतरी म्हणालं, "आणखी एक विमान? आज?" आभाळ स्वच्छ होतं. आवाज मोठा होत गेला, इतका की फोडलेल्या नारळांतलं पाणी थरथरायला लागलं. आभाळात काही नव्हतं.

मग पट्टीच्या दक्षिण टोकावर सावली दिसली.

दोन पंख, शेपूट, मधलं लांबट अंग. पांढऱ्या चुऱ्यावर काळीभोर सावली सरकत येत होती. पापा सोलोमोनाच्या अंगावरून गेली, तेव्हा त्याने टोपी काढली. आमच्या उभ्या विमानावरून गेली. मोएरोआच्या तोंडावरून, माझ्या हातांवरून गेली, आणि तेवढ्यापुरतं ऊन खरोखर थंड झालं. वर बघितलं. निळं आभाळ. डुकरं किंचाळत झाडीत पळाली.

मी खोलीत धावले.

"वहिनी, दोन तास झाले," रेडिओ बोलत होता. "आम्ही वेळेवर आहोत. बेट कुठाय?"

"खाली!" मी ओरडले. "तुमच्या खाली! डोक्यावरच आहात तुम्ही आमच्या!"

"खाली पाणी आहे."

"तामारुआ, वळ! माघारी वळ, उतर इथे!"

"पाणीच आहे, वहिनी. सगळीकडे पाणी."

उत्तरेला माणूस राहतो अशी जमीन गाठायला त्यांच्याकडे इंधन नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि त्यालाही. दारात तामारुआ उभा होता, दोन्ही हातांनी चौकट धरून.

त्याच्या हाताखालून मोएरोआ आत आली. किती वेळ ऐकत होती कळलं नाही. रेडिओतून तिचाच आवाज रडत होता, "आई, तू आहेस ना? आई?" आणि ती ते ऐकत होती. मग तिने माझ्या मुठीतून एकेक बोट सोडवून माइक घेतला, आजाऱ्याच्या हातातून भांडं काढून घेतात तसा.

"मी बोलतेय," ती म्हणाली.

रडणं थांबलं. "कोण?"

"मी. मोएरोआ. मी पोचलेय. आईजवळ आहे."

रेडिओवर बराच वेळ फक्त पंखे ऐकू येत होते. मग ती दुसरी बोलली. आता ती रडत नव्हती.

"आईने काय केलंय जेवायला?"

"मासे. नारळाच्या दुधातले."

"मग तिला सोडून जाऊ नकोस हां," ती म्हणाली. आणि पंख्यांचा आवाज बारीक होत गेला. नेमका कधी संपला, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.

७

तामारुआने दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाण केलं. त्याला जावंच लागणार होतं. विमान एकच होतं, आणि परतीची माणसं वाट बघत बसली होती. मी रेडिओसमोरून उठले नाही. अर्ध्या वाटेवर त्याने हाक मारली.

"वहिनी, खाली पाणी आहे. फक्त पाणी."

मी डोकं टेबलावर टेकून रडले. तो रारोटोंगाला सुखरूप पोचला. त्यानंतर त्याने आमच्या वाटेवर उडायचं सोडलं. आता दुसरा पायलट येतो, भला आहे, त्याला आम्ही काही सांगितलेलं नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्या सकाळचं. रडून झाल्यावर मी बाहेर आले. मोएरोआ पट्टीच्या मधोमध उभी होती. रात्रभर ती माझ्या शेजारी जागी होती; त्या हात हलवणाऱ्या बाईचं सगळं तिने तामारुआकडून ऐकलं होतं.

"आई, तू त्या टोकाला जाऊन उभी राहा," ती म्हणाली.

"कशाला?"

"राहा ना. मी दुसऱ्या टोकाहून येते."

कशासाठी ते मला कळलं. तरी मी गेले. पट्टी लांब आहे, युद्धात सैनिकांनी बांधलेली. टोकाला पोचून वळले तेव्हा ती पार दुसरीकडे होती, अंगठ्याच्या नखाएवढी. तिने हात वर केला. मीही केला.

ती चालायला लागली.

ऊन चढलं होतं, चुऱ्यावरून वाफ निघत होती, आणि त्या वाफेत ती हलत होती. पाय उचलताना दिसत होते, हात दिसत होते. मी श्वास धरून तिच्या उंचीकडे बघत होते. नखाएवढी. अजून नखाएवढी. इतकी पावलं टाकूनही नखाएवढीच. मी मनाला सांगत होते, लांबून असंच दिसतं, येणारं माणूस आधी येतच नाही असं वाटतं. मनाने ऐकलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं की मी हात हलवतेय. केव्हापासून, कोण जाणे. एका लांबच्या पट्टीवर उभी राहून मी हात हलवत होते, आणि माझी मुलगी चालत होती.

मी हात खाली घेतला आणि धावत सुटले. पलीकडून तीही धावायला लागली. चपला गेल्या, चुरा तळव्यांत घुसला, मी तिचं नाव घेत धावत राहिले, आणि वाफेतून ती एकदम मोठी झाली. दोघींनाही थांबता आलं नाही. तिचं कपाळ माझ्या तोंडावर आपटलं आणि आम्ही दोघी पट्टीवर कोसळलो.

माझा ओठ फुटला होता. तोंडात रक्ताची चव आली, खारट, कोमट. तेव्हा कुठे मी श्वास सोडला.